फ्रीमॉन्ट सोडून फ्रिस्कोला जावं का? टॅक्स सोडून बाकीचं सांगा

कृष्णाकाठ:

राम राम मंडळी. मी मूळचा कराडचा, अकरा वर्षं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला. ऑफिसने टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या शाखेत बदली देऊ केलीय, पगार आहे तोच. पंधरा दिवसांत हो-नाही कळवायचंय आणि रोज रात्री जेवणानंतर घरात हाच विषय.

पैशाचं मांडून झालंय. कॅलिफोर्नियाला आम्ही उत्पन्नावर वर्षाला साधारण १७ हजार डॉलर देतो, टेक्सासला तो टॅक्सच नाही. पण तिकडे फ्रिस्कोत ६ लाखांचं घर घेतलं तर प्रॉपर्टी टॅक्स ११-१२ हजार. म्हणजे हातात राहिले पाच. फरक जागेचा. इथे दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात मुलीचा अभ्यास जेवणाच्या टेबलावर आणि माझ्या मीटिंगा कपड्यांच्या क्लॉजेटमध्ये चालतात. अक्षरशः. डोक्यावर हिच्या पैठण्या लटकलेल्या असतात. परवा साहेबांनी विचारलं, तुझ्यामागे ते जांभळं काय आहे?

इथले मित्र म्हणतात, टेक्सास म्हणजे बंदुका, चर्च आणि बायकांवर कायदे. तिकडचे म्हणतात, कॅलिफोर्निया म्हणजे फुटपाथवर तंबू आणि गाड्यांच्या फुटलेल्या काचा. दोन्हीकडून व्हॉट्सॲपवर तक्ते येतात, कोणाचं आयुर्मान जास्त, कुठे गोळीने किती मेले. मला तक्ते नकोत. मुलगी आठवीत जाईल. बायको ३७ ची आहे, दुसऱ्या मुलाचा विचार आहे. आई दरवर्षी पाच-सहा महिने येऊन राहते. या तिघींचा साधा मंगळवार तिकडे कसा जाईल, एवढं सांगा.

वऱ्हाडीपाहुणा (फ्रिस्को):

या भाऊ, खुशाल या. पण आधी माती बघा. मी यवतमाळचा. इथली जमीन म्हणजे आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात पंजा जाईल एवढ्या भेगा. म्हणून जुलै-ऑगस्टात घराच्या पायाला पाणी द्यावं लागतं. भिंतीपासून फूट-दीड फुटावर पाझरणारा पाइप टाकायचा आणि आठवड्यातून तीन-चारदा सोडायचा. बाबांना व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाले, "अमेरिकेत जाऊन बी ओलीतच करून राह्यला का?"

दुसरं एप्रिलचं काम. काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, नोटीस येते, तुमचं घर एवढ्या किमतीचं. १५ मेपर्यंत हरकत घ्यायची. मी दरवर्षी विटांच्या तड्यांचे फोटो आणि गल्लीतल्या विक्रीचे भाव घेऊन जातो, तलाठ्याकडे सातबारा दुरुस्त करायला जावं तसा. राहत्या घराची करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, तरी हरकत घ्याच. अन् नव्या कॉलनीत बघत असाल तर पाणी-ड्रेनेजच्या कर्जाचा जादा कर आहे का ते आधी विचारा. एजंट स्वतःहून सांगत नाही.

पोरीचं. शाळा चांगल्या आहेत, हीच अडचण. यूटी ऑस्टिन, म्हणजे इथलं राज्याचं मोठं विद्यापीठ, राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या वरच्या ठरावीक टक्क्यांना आपोआप प्रवेश देते, २०२६ च्या बॅचपासून ५ टक्के. आपल्या पोरांनी भरलेल्या शाळेत त्या पाचात बसायचं म्हणजे नववीपासून धावणं. माझा पोरगा आठव्या टक्क्यावर होता. लहान गावातल्या शाळेत असता तर पहिला आला असता.

बंदुकीचं लपवत नाही. ६ मे २०२३ ला बाजूच्या ॲलनमधल्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले. तिथेच आम्ही दिवाळीचे बूट घ्यायचो. हिने वर्षभर तो रस्ता टाकला, मग पुन्हा जाऊ लागलो. माणूस विसरतो.

अन् एक, तुम्ही विचारलं नाही तरी. गारांनी छत फुटलं तेव्हा बदलायला पोरं आली, १०४ डिग्री फॅरेनहाइट. ऑस्टिन आणि डॅलसने बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं विसाव्याचा नियम केला होता. २०२३ मध्ये राज्याने कायदा करून शहरांचा असे नियम करण्याचा अधिकारच काढून घेतला. ही दिवसभर ताक करून वर देत होती. छतावरून बघितलं तर टेक्सास वाईट. छताखालून बघाल तर चार बेडरूम आणि अंगणात कढीपत्ता, थंडीत गॅरेजमध्ये न्यावा लागतो तेवढं सोडून.

संध्या (ऑस्टिन):

दादा, मी वहिनींबद्दल बोलते, कारण पाहुण्यांनी तो भाग अलगद ओलांडला.

माझ्या नणंदेची २०२२ च्या शरदात अठराव्या आठवड्यात पाणमोट फुटली. हवं असलेलं बाळ होतं, नाव ठरलेलं. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच तासात सांगितलं. पण ठोके चालू होते, आणि ऑगस्टमध्येच गर्भपातबंदीचा नवा कायदा लागू झालेला. तिला घरी पाठवलं. दर चार तासांनी ताप बघा, १००.४ झाला की या. मी फ्रिजवर कागद लावला होता, वेळ आणि ताप. एकतीस नोंदी आहेत त्यावर. पाचव्या रात्री थंडी वाजून आली, मग सगळे धावले. ती वाचली. डॉक्टरीणबाई बिलकुल वाईट नव्हत्या. त्यांच्या हाताला मी थरथर पाहिली आहे. त्यांना जन्मठेपेची भीती होती.

२०२३ मध्ये नेमक्या या परिस्थितीसाठी डॉक्टरांना बचावाची तरतूद झाली, २०२५ मध्ये आईच्या जिवाबद्दल आणखी खुलासा करणारा कायदा आला. आज तिला कदाचित एवढं थांबावं लागलं नसतं. "कदाचित" वर वहिनींनी किती भरवसा ठेवायचा, हे वहिनींनाच ठरवू द्या.

बाकी ऑस्टिन मतदानाने निळं, म्हणजे डेमोक्रॅट, आहे, पण राज्याचे कायदे शहराच्या वेशीवर थांबत नाहीत. फेब्रुवारी २०२१ च्या गारठ्यातही थांबले नाहीत. टेक्सासचं वीजजाळं मुद्दाम वेगळं ठेवलेलं, बाहेरून पुरेशी वीज आणता येईना. आमच्याकडे तीन दिवस अंधार होता, अंगणातला बर्फ पातेल्यात भरून संडासात ओतायचो. सरकारी मोजणीत २४६ माणसं गेली. तरी मी इथेच आहे. शेजारी चांगले आहेत, माझं काम इथे आहे, आणि मला आता मूल नकोय. हे तिसरं कारण मोठं आहे.

जुनाखोड (सनीवेल):

संध्याताईंनंतर लिहायला संकोच वाटतो, पण आमच्या कॅलिफोर्नियाच्या बाजूचं दारही थोडं उघडतो.

१९९६ मध्ये घर घेतलं ३ लाख २० हजारांना. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांपलीकडे वाढत नाही. मी आज साडेसहा हजार भरतो. शेजारी गेल्या वर्षी २२ लाखांना आलेलं तेलुगू जोडपं पंचवीस हजार भरतं. रस्ता तोच, कचऱ्याची गाडी तीच. आमच्या गल्लीत दारोदारी "सर्वांचं स्वागत" अशा पाट्या आहेत. स्टेशनजवळ सहा मजली इमारत येणार म्हटल्यावर तीच माणसं नगरपालिकेत विरोध करायला उभी राहिली. मीही होतो, खोटं कशाला सांगू? तुम्ही क्लॉजेटमध्ये बसता त्यात माझ्यासारख्यांचा वाटा आहे.

वणव्यांच्या धुराचं विसरू नका. ९ सप्टेंबर २०२० ला दुपारी बाराला आकाश शेंदरी होतं, दिवे लावून जेवलो. कोविडमध्ये बंद झालेल्या शाळाही टेक्सासच्या मानाने किती उशिरा उघडल्या ते तुम्ही पाहिलंच.

वर्णद्वेषाची धास्ती असेल तर ऑगस्ट २०२२ आठवा. फ्रिस्कोशेजारच्या प्लेनोच्या पार्किंगमध्ये आणि तुमच्या फ्रीमॉन्टमध्ये, तीन दिवसांच्या अंतराने, भारतीयांना शिवीगाळ झाली. फ्रीमॉन्टचा शिव्या देणारा तर भारतीय वंशाचाच होता. आणि राज्याला एक रंग नसतो. रिपब्लिकनांच्या बेकर्सफील्डला जाऊन बघा, तेही कॅलिफोर्नियाच.

पण आईंचं कुणीच बोललं नाही. संध्याकाळी तुमच्या फ्रीमॉन्टच्या एलिझाबेथ तळ्यावर जा. साडी, त्यावर स्वेटर, पायात स्पोर्ट शूज, अशा आज्या दोन-दोनच्या जोडीने तळ्याला फेऱ्या मारत असतात. मराठी आजी गुजराती आजीला गुडघ्याचं तेल सांगते. कुणाला विचारून जावं लागत नाही. फ्रिस्कोत जूनपासून सप्टेंबरपर्यंत दिवसा बाहेर पाय ठेवता येत नाही, आणि देवळात जायचं तरी मुलाने गाडी काढली पाहिजे. मला दोन वर्षांपूर्वी गाडी चालवायला बंदी झाली म्हणून हे जास्त कळतं.

वऱ्हाडीपाहुणा (फ्रिस्को):

काका, आईचं एकदम बरोबर. माझी आई पहिल्या खेपेला चाळीस दिवसांत परत गेली. आता ऑक्टोबरनंतर येते. ताई, ओलांडलं हे खरं. माझ्या घरी तो प्रश्न आला नाही म्हणून सुचलंच नाही.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे आभार. संध्याताई, तुमचं उत्तर हिला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं, मग भांडी घासत राहिली, डिशवॉशर रिकामा असताना. नंतर एवढंच म्हणाली, "आधी बाळ इथे, मग बघू." इथली पगारी रजाही आठ आठवड्यांची आहे, तेही तिने काढून ठेवलं होतं, मला माहीत नव्हतं.

आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, तळं आहे का तिथं? नाही म्हटलं तर, मग तू जा.

लेक एकटीच जायला तयार आहे, स्वतःची खोली मिळणार म्हणून.

ऑफिसला विचारलंय, बदली दीड वर्षाने चालेल का. उत्तर यायचंय. तोवर पैठण्या पलीकडच्या रॉडवर सरकवल्यात. आता मागे माझे शर्ट दिसतात.