मदत हवी आहे: आईच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० नंतर काय टाकावं?

नमस्कार मंडळी. आईचा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा, रॅम ४ जीबी. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता बंदच. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचा विचार आहे.

पण बॅटरी पार गेलीय. चार्जरची पिन जरा हलली की मशीन धाडकन बंद. इन्स्टॉल चालू असताना असं झालं तर? हार्ड डिस्कही कटकट आवाज करते, साधी फाइल उघडतानाही अडकते. मला वाटतं, आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून त्यावरच नवीन सिस्टिम टाकावी आणि जुन्या डिस्कवरून फक्त डेटा काढून घ्यावा. बरोबर आहे ना?

आई रोज इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीवर) मराठी लिहिते, मिंटमध्ये ते नीट चालतं का? कोणी वापरत असाल तर प्लीज सांगा.