मदत हवी आहे: केळीच्या पानातला शाकाहारी बिनालोत

मनिलात राहते. ऑफिसच्या सहलीला इथला बिनालोत न्यायचाय: केळीच्या पानात बांधलेला भात, अदोबो (व्हिनेगर-सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस), खारवलेलं अंडं, टोमॅटो. अंडं चालतं, मांस-मासे आणि फिश सॉस नको. म्हणून अदोबो टोफू-मशरूमचा. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी, तमालपत्र घालून तेल सुटेपर्यंत आटवते. चव जमली, अडतंय ते पुडक्यात.

पान बाजारातलं, ताजं, साबा जातीच्या केळीचं. मधली शीर काढली, पुसलं, गॅसवर चकाकी येईपर्यंत शेकलं. तरी घडीच्या कोपऱ्यात शिरांच्या रेषेत फाटतंच. पानगीला फाटलेलं चालून जातं, हे तर हातातून न्यायचंय! शिवाय टोफूला पाणी सुटून भात ओला होतो; दाबून, तळून घेतला तरी थोडं सुटतंच.

सकाळी सहाला बांधून बाराला खायचं. फ्रिज, मायक्रोवेव्ह काही नाही, उकाडा भरपूर. खाली फॉइल लावायचं नाही, मग पानाला अर्थ काय?

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: दोन पानं शिरा आडव्या-उभ्या ठेवून लावली तर टिकतात का? आणि एवढ्या वेळासाठी भात वाफाळता बांधायचा की पूर्ण निववून?