निगेटिव्ह आली तरी थोडं थांबा
फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजराची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) या मांजरांच्या संसर्गांसाठीची रक्ताची चाचणी निगेटिव्ह आली की नवं मांजर लगेच घरातल्या मांजरांत सोडायला हरकत नाही, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. चाचणी करावीच, पण पुढचं मला पटत नाही. फेलाइन ल्युकेमियाची लागण नुकतीच झाली असेल तर ती सुरुवातीला चाचणीत दिसत नाही. साधारण ३० दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं. एफआयव्हीसाठी हेच अंतर ६० दिवसांचं. तोवर खोली वेगळी, खाण्यापिण्याची भांडी वेगळी, लिटर बॉक्सही वेगळा. ल्युकेमिया लाळेतून, एकमेकांना चाटण्यातूनही पसरतो, त्यामुळे 'दोघं भांडत नाहीत' एवढ्यावर विसंबू नका.

पिल्लांबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. एफआयव्हीची नेहमीची चाचणी विषाणू नाही, अँटिबॉडीज (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधते. आईकडून आलेल्या अँटिबॉडीजमुळे लागण नसलेलं पिल्लूही पॉझिटिव्ह दिसू शकतं. आमच्या पिल्लाचं असंच झालं होतं. सहा महिन्यांचं झाल्यावर परत तपासलं तेव्हा रिपोर्ट निगेटिव्ह आला. एफआयव्ही माणसाला होत नाही. तेव्हा कृपा करून एका रिपोर्टवरून पिल्लाला पुन्हा रस्त्यावर सोडू नका.