वृद्धाश्रमात शेवटच्या दिवसांसाठी खोली करायची आहे – काय घ्यावं? (बजेट ४० हजार)

आश्रम_सावली
नमस्कार मंडळी. आमचा वृद्धाश्रम कराडच्या पुढे, हमरस्त्यापासून आत. एकूण ३४ आजी-आजोबा. त्यातल्या दोघी आता पूर्ण अंथरुणाला खिळल्या आहेत. एका आजींचा स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलाय, घास गिळताना ठसका लागतो. दुसऱ्या ८१ वर्षांच्या, स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलाय, कूस बदलली की कण्हतात. दवाखान्यात हलवायचं नाही, हे दोघींचे घरचे आणि डॉक्टर यांच्यात ठरलंय. दोघींसाठी मागची खोली वेगळी तयार करावी असा विचार आहे. एकदाच खर्च, ४० हजार, वर एक रुपया नाही. रोज ३-४ तास वीज जाते. रात्री एकच मावशी असते. कॉट, गादी, ऑक्सिजन, घशातली लाळ ओढणारं सक्शन यातलं काय घ्यावं? मॉर्फिनच्या गोळ्यांचं पण सांगा.

कॉट_नंबर_७
बजेट थोडं वाढवा आणि मोटरचा बेड घ्या, पाऊण लाखाच्या घरात येतो. आमच्या संस्थेत चार आहेत. डोकं, पाय, उंची सगळं रिमोटवर. बेड मावशीच्या कंबरेच्या उंचीवर आला की तिची पाठ वाचते. स्वस्त कॉट घेतलेल्या सगळ्या संस्था दोन वर्षांत पस्तावतात.

वाकळ
वीज जाते असं त्या म्हणताहेत आणि तुम्ही मोटरचा बेड सुचवता! दोन हँडलचा साधा फाउलर (डोकं आणि गुडघे वेगवेगळे उचलता येणारा दवाखान्यातला बेड) घ्या, तोही भाड्याने. जिल्ह्याच्या गावी बहुधा रुग्णोपयोगी साहित्य केंद्र असतं, अनामत भरली की किरकोळ भाड्यात मिळतो. फक्त एक हँडलवाला सेमी-फाउलर घेऊ नका, त्यात गुडघ्यांचा भाग उचलला जात नाही. नुसतं डोकं वर केलं की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाजवळची कातडी आतून ओढली जाते. पडून पडून होणारा व्रण (बेडसोर) तिथूनच सुरू होतो. आधी गुडघे थोडे उचलायचे, मग डोकं. जेवताना सरळ बसवा, जेवणानंतर अर्धा तास तसंच ठेवा, एरवी डोकं ३० अंशांच्या वर नको.

उंचीच म्हणाल तर साध्या कॉटच्या चारही पायांखाली खाचा पाडलेले लाकडी ठोकळे सुतार करून देतो.

गादीवाला_मिरज
एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरायची गादी, घ्याच. बुडबुड्यांचा नको, आडव्या नळ्यांचा घ्या. बुडबुडेवाला दोन-तीन हजारांत येतो पण शिवणीत फाटतो. नळ्यांचा सहा ते दहा हजार. लावताना हमखास होणाऱ्या चुका:
– जुनी गादी काढून थेट लोखंडी पत्र्यावर टाकतात. खाली चार इंची गादी हवीच.
– वर मेणकापड, चादर, गोधडी, अंडरपॅड असे थर चढवतात. मग हवेचा उपयोग शून्य. एक सुती चादर, फार तर एक अंडरपॅड.
– पंपाचं बटण वजनाप्रमाणे लावत नाहीत. ४० किलोच्या आजींना ८० वर ठेवलं तर ती फळीच झाली.
तपासायचं असं: हाताचा तळवा वर करून नळ्यांच्या खालून कुल्ल्यांच्या जागी सरकवा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी. बोटभर जाडी राहिली पाहिजे. हे रोज सकाळी.
पंपाला वीज अगदी थोडी लागते, छोटा इन्व्हर्टर रात्रभर ओढतो. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्या गेल्या पंपाकडच्या दोन्ही नळ्या काढून टोपण लावा, म्हणजे हवा टिकते.

तुळस
+१ एअर बेड. नळ्यांचाच घ्या, बुडबुड्यांचा नको.

जुनी_सिस्टर
वॉटर बेडबद्दल कोणी बोललं नाही. वीजच लागत नाही त्याला. आणि पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावा, सकाळ-संध्याकाळ. आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं.

रात्रपाळी
सिस्टर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण स्पिरिट-पावडर आता बंद करा. स्पिरिटने म्हाताऱ्या माणसाची कातडी आणखी कोरडी पडते, आणि पावडर घामात भिजून काखेत-जांघेत गोळे धरते. लाल झालेल्या जागेवर चोळणं तर अजिबात नको, आतल्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. लाल जागा बोटाने दाबून सोडा. पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर व्रणाची पहिली पायरी सुरू झाली, त्या कुशीवर तेव्हापासून झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे जागा गरम किंवा टणक लागते का ते हाताने बघा.

वॉटर बेडमध्ये शे-दीडशे लिटर पाणी. साधी कॉट वाकते, थंडीत अंग गार पडतं, आणि कूस बदलायला दोन माणसं लागतात. त्यांच्याकडे रात्री एकच मावशी आहे.

कुठलीही गादी घेतली तरी कूस बदलणं चुकत नाही. साधी गादी असेल तर दर दोन तासांनी. एअर बेडवर कातडी चांगली राहिली तर रात्री वेळ वाढवता येते. पूर्ण आडव्या कुशीवर नको, खुब्याचं हाड टोचतं. पाठीमागे उशी लावून ३० अंश कलतं ठेवा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा अधांतरी राहतील. रबरी रिंग नको, तिच्या कडेने रक्त अडतं. सरकवायचं ते आडव्या चादरीने उचलून. काखेत हात घालून ओढू नका, या वयात खांदा निखळतो. आणि हाडांत कॅन्सर असलेल्या आजींना कूस बदलायच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी द्या.

कॉट_नंबर_७
मोटरचा बेड असता तर यातलं निम्मं काम वाचलं असतं, एवढंच म्हणणं आहे.

देशाबाहेर_नर्स
मी ऑस्ट्रेलियात एजेड केअरमध्ये आहे. इथे गिळता येईनासं झालं की सिरिंज ड्रायव्हर लावतो, औषध २४ तास कातडीखाली थेंबाथेंबाने जातं. तुम्हीही एक घेऊन ठेवा.

औषधपेटी
ताई, ते यंत्र ४० हजारांत बसणार नाही आणि रात्री भरायला नर्सही नाही. इथे त्याला सोपा पर्याय आहे. २३ किंवा २५ नंबरची बटरफ्लाय सुई गळपट्टीच्या हाडाखाली किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला कातडीखाली बसवायची, वर पारदर्शक पट्टी, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं ठरल्या वेळी हळूहळू सोडायची. नर्सने एकदा शिकवलं की घरची माणसंही करतात. जागा लाल झाली, सुजली किंवा गळायला लागली की सुई बदलायची. डायझेपाम (गुंगीचं औषध) या मार्गाने देत नाहीत, कातडी जळते, त्याऐवजी मिडाझोलाम देतात.

आता मॉर्फिन. २०१४ साली एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेतून, प्रशिक्षित डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारून निराश होऊ नका. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारा) कक्ष आहे का ते बघा. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र कॅन्सरच्या रुग्णांसाठी १९९७ पासून आहे, तिथे सेवा मोफत असते. पॅलियम इंडिया या संस्थेची ‘साथ-साथ’ हेल्पलाइन १८०० २०२ ७७७७, ते जवळचं केंद्र सांगतात.

आश्रमाचा ‘साठा’ म्हणून गोळ्या ठेवता येणार नाहीत. ज्या आजींच्या नावाने मिळाल्या त्यांच्याच. कुलुपात ठेवा, वहीत दर वेळी शिल्लक मोजून सही, आणि उरलेल्या गोळ्या त्याच केंद्राला परत.

साधी १० मिलीग्रॅमची गोळी चार तास चालते. म्हाताऱ्या माणसाला सुरुवात पाव किंवा अर्ध्या गोळीपासून. वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्रीचा डोस बहुतेकदा दुप्पट लिहितात, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. ‘दुखलं तर द्या’ असं ठेवलं की दुखणं कायम पुढे राहतं, घड्याळावरच द्यायची.

पहिल्या दिवसापासून रेचक सोबत हवंच: बिसाकोडिल किंवा सोनामुखी. इसबगोल नको. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या पोटात त्याचा गोळा होतो. मळमळ पहिले चार-पाच दिवस, त्यासाठी वेगळी गोळी. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, औषध अंगात साचतं. अंग झटके देऊ लागलं, हाक मारून जाग येईना, श्वास फार संथ झाला, तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन.

जुनी_सिस्टर
मॉर्फिनने माणूस लवकर जातो, हे आमच्या वेळी सगळे मानायचे.

औषधपेटी
दुखण्याच्या मापाने हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. त्या समजुतीपायी किती म्हातारी माणसं शेवटचे महिने कण्हत काढतात. हे मी प्रत्येक धाग्यावर लिहितो आणि लिहीत राहीन.

वाकळ
स्मृतिभ्रंशवाल्या आजींना दुखतंय का हे कळणार कसं?

रात्रपाळी
पाच गोष्टी बघायच्या: श्वास, आवाज (कण्हणं, ओरडणं), चेहरा, अंगाचा ताठरपणा, आणि जवळ घेतल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. पेनॅड म्हणतात या मापाला. एक कागद कॉटला लावा. कूस बदलताना गुण वाढत असतील तर ते ‘चिडचिड’ म्हणून सोडून देऊ नका.

मुलगा_पुणे
गिळता येत नसेल तर राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घाला ना. उपाशी कसं ठेवायचं?

जुनी_सिस्टर
नळी घालाच. नाहीतर नातेवाईक तुम्हालाच बोलतील.

रात्रपाळी
पुढे गेलेल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढत नाही आणि छातीत अन्न जाणंही थांबत नाही. लाळ आणि पोटातलं वर आलेलं जातच राहतं. वर, नळी उपटू नये म्हणून हात बांधले जातात. हाताने भरवा. सरळ बसवून हनुवटी जरा खाली, छोटा चमचा अर्धा भरून, गिळलेलं दिसल्यावरच पुढचा. पाण्याने ठसका लागतो, दाट कण्हेरी, मऊ गुरगुट्या भात, नाचणीची आंबील उतरते. तोंड मिटलं की थांबायचं. दोन चमचे खाल्ले तर दोन.

शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप मावळते. तेव्हा सलाईन लावलं की ते पायांत आणि छातीत साचतं, घरघर वाढते. तोंड मात्र दर दोन-तीन तासांनी ओलं करा. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा, त्यात मऊ ब्रश किंवा पिळलेला बोळा. ओठांना खोबरेल. ऑक्सिजन चालू असेल तर चेहऱ्याला तेल किंवा व्हॅसलिन नको, आगीचा धोका.

गादीवाला_मिरज
ऑक्सिजनवरून आठवलं, ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) घ्या, आणि सक्शन मशीन.

औषधपेटी
दोन्ही नको. रक्तात ऑक्सिजन कमी नसेल तर कॉन्सन्ट्रेटरने धाप कमी होत नाही. चेहऱ्यावर, गालाच्या बाजूने छोटा पंखा सोडा, खिडकी उघडा, पाठ उंच करा; मॉर्फिनचा लहान डोस धापेवरही चालतो. बॅटरीवरचा पंखा घ्या. घरघर ही घशात साचलेल्या लाळेची असते, खोल सक्शनने घसा सोलतो आणि लाळ परत येते. कुशीवर कलतं करा, ग्लायकोपायरोलेट (लाळ कमी करणारं औषध) डॉक्टर लिहून देतात, ते घरघर सुरू होताच द्यावं लागतं. उशीर झाला तर साचलेलं सुकत नाही.

तुळस
कॉन्सन्ट्रेटर भाड्याने पण मिळतो.

कागदपत्र
कोणीच न सांगितलेली गोष्ट. मृत्यू आश्रमात होणार असेल तर कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लागतो. डॉक्टर महिनोन्महिने आलेच नसतील तर रात्री दोन वाजता सही कोणी देत नाही आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. म्हणून आताच डॉक्टरांची नियमित भेट ठरवा, प्रत्येक भेटीची नोंद तारखेसह घ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत, कळवण्याची जबाबदारी आश्रमप्रमुखाची.

ज्यांना अजून नीट समजतं त्या आजी-आजोबांचं वैद्यकीय इच्छापत्र (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते लिहिलेलं, मालमत्तेचं नव्हे) आत्ताच करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते मान्य केलं, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. एक प्रत आश्रमात पहिल्या पानावर.

कॉट_नंबर_७
मग बेडचं काय ठरलं?

आश्रम_सावली
सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं वहीत उतरवलंय. आमचं ठरलं ते असं.

वेगळी खोली करत नाही. कॅन्सरवाल्या आजींची कॉट गेली अकरा वर्षं त्याच खिडकीशी आहे, शेजारच्या आजी त्यांना रोज हरिपाठ वाचून दाखवतात. त्यांना मागच्या खोलीत नेणं आमच्याच्याने होणार नाही. दोघी आहेत तिथेच राहतील, मध्ये दोन सरकते पडदे.

फाउलर बेड घेत नाही, भाड्यानेही नाही. सुतार ठोकळे उद्या देतोय. पाठ उंच करायला तोच एक तिरका पाट करून देणार आहे, गुडघ्यांखाली लोड. नळ्यांचे दोन एअर बेड १६ हजार. बॅटरीचे दोन पंखे, उशा, अंडरपॅड, पडदे धरून ६ हजार. राहिलेले १८ हजार रात्रीच्या दुसऱ्या मावशींना, जितके महिने पुरतील तितके. दर दोन तासांनी कूस एकटीने बदलली जात नाही.

डॉक्टर दर गुरुवारी यायला तयार झालेत. साथ-साथला फोन केलाय, मॉर्फिनचं उद्या कळेल.

एकच राहिलं: एअर बेडवर टाकायची चादर कॉटखाली खोचायची की मोकळी सोडायची?

गादीवाला_मिरज
मोकळी. ताणून खोचली की नळ्या दबतात. आणि पंप पायथ्याच्या दांडीला अडकवा, जमिनीवर ठेवला तर फरशी पुसताना पाणी जातं.