क्वीन्समधलं कोशर फलाफल-पिझ्झाचं दुकान: कट्टर शाकाहारी सासूसासऱ्यांना न्यावं का?

जाईजुई:
नमस्कार मंडळी, न्यूयॉर्कवाल्यांसाठी प्रश्न आहे. आम्ही क्वीन्समध्ये क्यू गार्डन्स हिल्सला राहायला आलोय आणि घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर मेन स्ट्रीटला एक कोशर (ज्यूंच्या खाण्याच्या नियमांप्रमाणे चालणारं) फलाफल (छोल्यांचे तळलेले वडे) आणि पिझ्झाचं दुकान आहे. एकदम साधं, काउंटरवर ऑर्डर द्यायची, ट्रे उचलायचा आणि जागा मिळेल तिथे बसायचं. पुढच्या महिन्यात सासूबाई आणि सासरे येतायत. दोघं पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि बाहेर खायचं म्हटलं की सासूबाईंचा पहिला प्रश्न "त्याच तेलात दुसरं काही तळत नाहीत ना?" ऑफिसमधली एक जण म्हणाली की कोशर पिझ्झावाल्याकडे मांस येतच नाही, बिनधास्त ने.

पण रिव्ह्यू वाचले आणि डोकं फिरलं. निम्मे म्हणतात फलाफल एक नंबर, निम्मे म्हणतात पिझ्झा महाग आणि चिवट. एकाने लिहिलंय काउंटरवरचा माणूस वसकन ओरडतो, आणि एकाने तर शनिवारी दुपारी पोरांना घेऊन गेलो तर कुलूप होतं म्हणून एक स्टार दिलाय 😄 हे खरंच १००% शाकाहारी असतं का, आणि आपण ज्यू नसताना जाऊन बसलं तर कोणाला ऑड वाटत नाही ना?

तळणीबहाद्दर:
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कोणाला काही ऑड वाटत नाही. यहुदी शाळेतली पोरं, त्यांच्या आया, बांधकामावरचे लोक, बसची वाट बघणारे, आपल्यासारखे देशी शाकाहारी, सगळे असतात. टोपी घालायला लागत नाही, कोणी काही विचारत नाही.

आता रिव्ह्यूंचं. अशा दुकानांचे रिव्ह्यू कायम असेच दुभंगलेले असतात कारण दोन वेगवेगळी गिऱ्हाइकं एकाच पाटीखाली येतात. एक फलाफलसाठी येतो, तो खूश होऊन जातो. दुसरा न्यूयॉर्कचा स्लाइस खायला म्हणून येतो आणि कोपऱ्यावरच्या इटालियन पिझ्झेरियाशी तुलना करत बसतो. माझं स्पष्ट मत, ही दुकानं फलाफलची असतात, पिझ्झा असतो पोरांसाठी. तुम्ही फलाफलला जा.

आणि फलाफल चांगलं की वाईट हे चव घ्यायच्या आधीच कळतं. ट्रेमध्ये तळून ठेवलेला ढीग दिसला तर सरळ सांगा की ताजे काढून द्या, पाच मिनिटं थांबतो. गर्दीच्या वेळी सांगावंच लागत नाही, घाणे एकामागून एक निघत असतात. हे म्हणजे साधारण आपल्या डाळवड्यासारखंच, छोले रात्रभर भिजवायचे, न शिजवता कच्चेच वाटायचे, त्यात कांदा लसूण कोथिंबीर पार्सली जिरं. छोले शिजवून घेतले तर गोळे तेलात फुटतात, मग ते धरून ठेवायला लोक पीठ घालतात आणि आतून गिच्च लागतं. एक गोळा तोडून बघा, आत हिरवट आणि भुसभुशीत असेल आणि बाहेरून कडक वाजत असेल तर समजा दुकान चांगलंय. आत पिवळसर आणि घट्ट असेल तर बहुतेक तयार पावडर कालवलीय.

पिटामध्ये भरताना पण बघा, चांगला माणूस थोडी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, दोन गोळे, ताहिनी (तिळाची पातळ चटणी), परत कोशिंबीर, परत गोळे असं थरावर थर लावतो. घाईतला माणूस सगळे गोळे खाली कोंबतो आणि वर पाला, मग अर्ध्यापर्यंत नुसता कोबी खात बसा 😑

अलिबाग_टू_क्वीन्स:
मी बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी) आहे, मराठी घरात आणि कोशर नियमांत दोन्हीकडे वाढलेली, त्यामुळे शाकाहाराचं जरा नीट सांगते कारण "कोशर म्हणजे व्हेज" असं लोक सरसकट बोलतात आणि ते तसं नाहीये.

कोशरमध्ये दूध आणि मांस एकत्र चालत नाही. नुसतं एका ताटात नाही असं नाही, भांडी वेगळी, ओव्हन वेगळा, तळणी वेगळी. म्हणून कोशर रेस्टॉरंट सहसा एक तर मांसाचं असतं नाहीतर दुधाचं. पिझ्झा विकतात म्हणजे चीज आलं, म्हणजे ते दुधाचं, आणि मग त्या स्वयंपाकघरात चिकन-मटण येऊच शकत नाही. त्यावर लक्ष ठेवायला मशगियाख म्हणून देखरेख करणारा माणूस असतो आणि भिंतीवर सर्टिफिकेट लावलेलं असतं, क्वीन्समध्ये बऱ्याच ठिकाणी वाद हरबोनिमचं (ज्यू धर्मगुरूंच्या मंडळाचं) दिसेल. त्यामुळे सासूबाईंच्या तेलाच्या प्रश्नाला, मांसापुरतं बोलायचं तर, उत्तर "नाही, तळत नाहीत" असंच आहे, आणि हे इतक्या खात्रीने मी साध्या पिझ्झेरियाबद्दल कधीच सांगणार नाही.

पण!! मासे आणि अंडी चालतात. कोशर हिशोबात मासा म्हणजे मांस नाही, त्यामुळे ट्यूना सॅलड, ट्यूना मेल्ट, कधी सॅमन, हे अशा दुकानात अगदी कॉमन आहे. ट्यूनाचा सँडविच त्याच ओव्हनमध्ये गरम होऊ शकतो. काही ठिकाणी तळलेला मासाही मेनूवर असतो, तेव्हा "फलाफलची तळणी वेगळी आहे का?" हे विचाराच. अंडं सबीखमध्ये असतं (तळलेलं वांगं आणि उकडलेलं अंडं पिटात), शक्षुकामध्ये असतं, काही ब्रेडमध्ये असतं. फलाफलच्या सारणात सहसा नसतं.

चीजचं अजून एक, रेनेटचा (चीज करताना दूध गोठवायला घालतात ते, जनावराच्या पोटातलंही असतं) प्रश्न निघेल. कोशर चीज बहुतेक वेळा मायक्रोबियल रेनेटचंच असतं, पण कोशर पद्धतीने कापलेल्या जनावराचं रेनेट नियमात बसू शकतं, म्हणून सासूबाई तितक्या कडक असतील तर चीजचा ब्रँड विचारून पाकिटावर बघा. काउंटरवाल्याला हा प्रश्न नवीन नसतो.

आणि एक गोष्ट त्यांना नक्की सांगा, आवडेल. कोशरमध्ये किडे खाणं सक्त मना आहे, त्यामुळे पालेभाज्या, ब्रोकोली, फ्लॉवर, लेट्यूस हे सगळं धुऊन, उजेडात धरून तपासावं लागतं. भाजी निवडायची एवढी चिकाटी मी दुसऱ्या कुठल्या रेस्टॉरंटमध्ये बघितली नाही.

स्लाइसवाला:
सगळं ठीक आहे पण पिझ्झा खरंच बेकार असतो हो. मी एका कोशर दुकानात (नाव घेत नाही) रबरासारखं चीज आणि गोडुस सॉस खाल्लाय, वर साध्या पिझ्झेरियापेक्षा चांगले जास्त पैसे. ऑर्डर देताना मी दोन सेकंद मेनू बघत थांबलो तर मागच्या माणसाची ऑर्डर घेऊन टाकली. न्यूयॉर्कमध्ये पावलापावलावर पिझ्झा मिळतो, तिथे हे का खायचं?

अलिबाग_टू_क्वीन्स:
@स्लाइसवाला चवीबद्दल भांडणार नाही, काही ठिकाणी खरंच रद्दी असतो. पण महाग का ते सांगते. बऱ्याच दुकानांत खोलोव्ह यिस्रोएल चीज वापरतात, म्हणजे दूध काढण्यापासूनच ज्यू माणसाची देखरेख हवी. असं चीज बनवणारे थोडे, त्यामुळे भाव चढा. वर मशगियाखचा पगार, सर्टिफिकेटची फी. आणि आठवड्यातला सगळ्यात जास्त धंद्याचा वेळ, शुक्रवार रात्र ते शनिवार संध्याकाळ, दुकान बंद. भाडं मात्र सातही दिवसांचं. हे सगळं स्लाइसमधूनच निघणार ना. आणि जो कोशर पाळतो त्याला तुमच्या पावलापावलावरच्या पिझ्झ्याचा काय उपयोग, त्याच्यासाठी शाळेतून आलेल्या पोराला नेऊन बसवायची हीच जागा.

ओरडण्याबद्दल, ते खरंय 😂 तिथे रांग ही संकल्पना जरा पातळ आहे. काय हवं ते ठरवून पुढे जा आणि मोठ्याने बोला. तो तुमच्यावर चिडलेला नसतो, हिब्रू, रशियन, स्पॅनिश, इंग्लिश सगळं एकाच आवाजात चाललेलं असतं.

जाईजुई:
बापरे किती डिटेल, खूप थँक्यू 🙏 ट्यूनाचं मला अजिबात सुचलं नसतं. अजून दोन शंका. एक, सासरे तिखट खाणारे, त्यांना हे सगळं मिळमिळीत लागेल का? दोन, सासूबाई कुठेही जाताना पर्समध्ये डबा ठेवतातच, थोडं लोणचं-पोळी काढून खाल्लं तर चालेल ना? आणि रिव्ह्यूमध्ये फोटो आहे, बसायच्या जागेतच एक बेसिन आणि दोन कानांचा मोठा मग, ते काय प्रकरण?

अलिबाग_टू_क्वीन्स:
डबा अजिबात नको!! हे सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरचं अन्न कोशर दुकानात उघडायचं नसतं, मग ते शुद्ध शाकाहारी का असेना, कारण त्या टेबलाची, ट्रेची जबाबदारी त्यांच्या सर्टिफिकेटवर असते. तुम्हाला उठून सांगतील आणि सासूबाईंना उगाच अपमान वाटेल, म्हणून घरूनच सांगून न्या.

बेसिन म्हणजे पाव खायच्या आधी हात धुवायचा विधी आहे, मगाने आधी एका, मग दुसऱ्या हातावर पाणी घालतात आणि मग पाव तोंडात घालेपर्यंत बोलत नाहीत. त्यामुळे तिथे कोणी तुमच्या हॅलोला उत्तर दिलं नाही तर राग मानू नका. तुम्ही साधे हात धुवायला वापरलंत तरी चालतं, फक्त मग जागेवर ठेवा.

तळणीबहाद्दर:
तिखटाची काळजी सोडा. स्खूग मागा, येमेनी ज्यूंची हिरवी चटणी, मिरची कोथिंबीर लसूण जिरं वेलची, सासरे खूश होतील, कदाचित डब्यात भरून मागतील. बऱ्याच दुकानांत सॅलड बारवर ठेवलेलं असतं, तिथेच लोणच्याच्या काकड्या, गुलाबी सलगम, तळलेलं वांगं असतं. आणि आंबा नावाचा पिवळा सॉस दिसला तर घ्याच, कैरी, हळद, मेथीचा असतो, बगदादी ज्यूंमार्फत मुंबईकडून इराकला आणि तिथून इस्रायलला गेला असं सांगतात. सासूबाईंना लोणच्याची आठवण येणार नाही.

पिटापेक्षा लाफा घेतला तर दोघांत एक पुरतो, मोठी पातळ रोटी गुंडाळून देतात. किंवा प्लेट घ्या, हमस, बाबा गनूश, कोशिंबीर, फलाफल वेगवेगळं, म्हाताऱ्या माणसांना पिटातून ताहिनी कोपरापर्यंत ओघळवत खाणं जमत नाही. फ्राइज पण मागवा, ताजे असतात.

घड्याळजी:
वेळेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, तो एक स्टारवाला माणूस बिचारा. शब्बाथ (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) शुक्रवारच्या सूर्यास्ताच्या आधी लागतो. डिसेंबरात न्यूयॉर्कला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो त्यामुळे दुकानं शुक्रवारी दुपारीच आवरायला लागतात. शनिवारी दिवसभर बंद. थंडीत शनिवारी रात्री उघडतात आणि तेव्हा तुफान गर्दी, सगळी गँग पिझ्झ्याला बाहेर पडते. जूनमध्ये अंधारच नऊनंतर पडतो, त्यामुळे काही जण शनिवारी उघडतच नाहीत किंवा फार उशिरा. गूगलवरच्या वेळेवर विश्वास ठेवू नका, फोन करा.

पासओव्हरला (ज्यूंचा सण, त्यात फुगवलेला पाव चालत नाही) इस्रायलबाहेर आठ दिवस बंद, मार्च-एप्रिलमध्ये येतो. तो संपतो त्या रात्री ताज्या पिझ्झ्यासाठी रस्त्यावर रांगा लागतात, बघण्यासारखं असतं पण वयस्कर माणसांना घेऊन नको. आणि उन्हाळ्यात तिशा बआवच्या (ज्यूंचा शोकाचा उपास) आधीचे नऊ दिवस बरेच ज्यू मांस खात नाहीत, तेव्हा दुधाची दुकानं ओसंडून वाहतात. जुलै-ऑगस्टच्या आसपास येतं, तारीख दरवर्षी सरकते.

स्लाइसवाला:
बरं बाबा, फलाफल खाऊन बघेन. पण पिझ्झ्यावर मत बदललेलं नाही. आणि पोरं सोबत असतील तर झिटी घ्या, ओव्हनमधला चीज घातलेला पास्ता, तो त्याच चीजचा असून बरा लागतो, का ते देव जाणे.

जाईजुई:
😂😂 झिटीची नोंद घेतली. मंगळवारी दुपारी शाळा सुटायच्या आधी न्यायचा विचार आहे. आणि कोणाला माहितीये का, फलाफलमध्ये मैदा असतो का? नणंद पण येतेय, तिला गहू चालत नाही.

तळणीबहाद्दर:
प्रत्येक दुकानाचं वेगळं. काही जण बांधायला पीठ किंवा ब्रेडचा चुरा घालतात, काही नुसत्या छोल्यांवर भागवतात. पण सारणात नसलं तरी त्याच तेलात कांद्याच्या रिंगा, श्निट्झेलटाइप (ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेलं) सोयाचं काही तळलेलं असू शकतं आणि पिझ्झ्याच्या दुकानात पीठ हवेतच उडत असतं. नुसतं टाळत असेल तर विचारून प्लेट घ्या पिटाशिवाय. सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनने होणारा आजार) असेल तर तिच्यासाठी घरीच काहीतरी करा, तिथे नको.