गणपतीतली टेकन स्पर्धा, क्लबहाऊस आणि तो प्रोजेक्टर

सेक्रेटरी काका: नमस्कार मंडळी 🙏 सोसायटीच्या गणपतीच्या कार्यक्रमांची यादी आज फायनल करायची आहे. रविवारी दुपारी ३ ते ७ क्लबहाऊस मोकळं आहे, सी-७०४ ने तिथे टेकन ह्या मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा घ्यायची आणि यूट्यूबवर लाइव्ह दाखवायची असं सुचवलंय. कोणाला काही म्हणायचं असेल तर इथेच म्हणा, नंतर लिफ्टमध्ये गाठू नका

बी-३०२ काकू: टेकन म्हणजे ते लाथा बुक्क्यांचं ना? बाप्पासमोर? संगीत खुर्चीत काय वाईट होतं

सी-१०२: काकू संगीत खुर्चीत गेल्या वर्षी जेवढी खरी धक्काबुक्की झाली तेवढी टेकनमध्ये होणार नाही 😂

सी-१०२: माझा पूर्ण पाठिंबा आहे. ९८-९९ ला आम्ही क्लास बुडवून स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचो, आधी मुस्तफा मग किंग ऑफ फायटर्स ९७ मग टेकन ३, त्यातला एडी हा फायटर घ्यायचा आणि डोळे मिटून बटणं बडवायची, पलीकडचा कितीही शिकलेला असो

सी-७०४: काका एडी ह्या गेममध्ये पण आहे 😄 पण आता बडवून चालत नाही, पोरं अडवायला शिकलीत

डी-२०६: हा मोबाईलवरचा पैसे लावायचा प्रकार तर नाही ना? खजिनदार म्हणून विचारतोय, उद्या माझ्या सहीवर यायला नको

सी-७०४: नाही काका. २०२५ च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर, ई-स्पोर्ट म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा त्यातून वेगळ्या ठेवल्यात, आणि आपलं तर ऑनलाइनच नाही, दोघं शेजारी शेजारी बसून खेळणार. प्रवेश फी शून्य, बक्षीस म्हणजे बुद्धिबळ-कॅरमला देतो तीच ट्रॉफी

ए-४०१: पण हा खेळ आहे का हाच प्रश्न आहे, बसून बटणं दाबायची

सी-७०४: २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये स्ट्रीट फायटर ह्या असल्याच गेमला पदक होतं, आपले खेळाडूपण गेले होते. आणि टेकनचं म्हणाल तर लाहोरचा अर्सलान ॲश, त्याने २०१९ मध्ये आधी इव्हो जपान ही फायटिंग गेम्सची मोठी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी लास व्हेगासची इव्हो. तोवर कोरिया-जपानवाल्यांच्या डोक्यातही नव्हतं की पाकिस्तानात कोणी एवढं खेळतं. तिथली पोरं गल्लीतल्या पार्लरात एकमेकांशी समोरासमोर खेळून तयार झालेली

ए-४०१: बरं. माझा विरोध नाही, विचारलं फक्त

कुहूची आई (बी-६०१): वय काय ठेवलंय? कुहू १२ ची आहे आणि तिने नाव दिलंय म्हणे

सी-७०४: ताई टेकन ७ ला अमेरिकेत १३ च्या वरचं रेटिंग आहे, युरोपात १६ च्या वरचं. मारामारी आहे हे खरं. १६ च्या आतल्या प्रत्येकाच्या पालकांचा ह्या ग्रुपवर 'हो' पाहिजे, खेळायला वेगळा आणि कॅमेऱ्यावर दिसायला वेगळा. खेळायला हो आणि कॅमेऱ्याला नाही असं असेल तर नुसता गेम दाखवू, चेहऱ्याची खिडकी बंद

कुहूची आई (बी-६०१): खेळायला हो. कॅमेऱ्याला नको

कुहूची आई (बी-६०१): आणि ती घरी तिच्या मामाला हरवते हे सांगून ठेवते 😌

सेक्रेटरी काका: छान. आता व्यवस्था. आपला नवीन प्रोजेक्टर आहे, १२ फुटी पडदा आहे, त्यावर लावून टाका म्हणजे सगळ्यांना दिसेल, वर्गणीतून घेतलाय तर वापरला पाहिजे

सी-७०४: काका प्रोजेक्टरवर खेळता येणार नाही 🙏

सेक्रेटरी काका: का? परवा मॅच बघितली की सगळ्यांनी त्याच्यावर

सी-७०४: क्रिकेट बघायला चालतो कारण बॉल उशिरा दिसला तरी आपल्याला काही मारायचं नसतं. हा गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, एक चित्र म्हणजे एक फ्रेम, साधारण १७ मिलिसेकंद. टेकनमधला सगळ्यात फास्ट ठोसा १० फ्रेममध्ये लागतो. प्रोजेक्टरने चित्र १०० मिलिसेकंद उशिरा दाखवलं तर सहा फ्रेम तिथेच गेल्या, समोरच्याने उचललेली लाथ दिसून तुम्ही अडवेपर्यंत ती तुम्हाला लागलेली असते. मग ज्याला खेळता येतं तो आणि ज्याला येत नाही तो सारखेच, दोघंही नशिबावर

बी-५०३ ताई: +१. आमच्या कॉलेज फेस्टला प्रोजेक्टरवर घेतली होती, पहिल्या तासातच अर्धी पोरं रिमोट चांगला नाही म्हणून भांडली, रिमोट बरोबर होते सगळे

सेक्रेटरी काका: मग तुम्ही दोघं २४ इंची मॉनिटरवर खेळणार आणि बाकी १०० माणसांनी काय तुमच्या पाठी बघायच्या?

सी-७०४: थांबा काका, दोन्ही होतं. एचडीएमआय स्प्लिटर लावायचा, एक वायर आत चार बाहेर. एक मॉनिटरला म्हणजे खेळाडू त्यावर खेळतील, दुसरी प्रोजेक्टरला, पब्लिकला सहा फ्रेम उशिरा दिसलं तर कोणाचं काय जातंय, तिसरी माझ्या लॅपटॉपच्या कॅप्चर कार्डला म्हणजे गेमचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या डबीला, तिथून यूट्यूब. पडदा तुमचा, मॉनिटर आमचा

सेक्रेटरी काका: हे चालेल 👍 स्प्लिटरचा खर्च?

सी-७०४: माझ्याकडे आहे. फक्त प्रोजेक्टरला किती रिझोल्युशन चालतं ते शनिवारी बघू द्या, कारण त्याला झेपत नसेल तर हे स्प्लिटर सगळ्यांना तेच खालचं चित्र देतात आणि रविवारी ऐनवेळी कळलं तर पंचाईत. पीएस४ (प्लेस्टेशन ४) च्या सेटिंगमध्ये एचडीसीपी म्हणजे ते कॉपी-संरक्षण पण बंद करावं लागतं, नाहीतर कॅप्चरमध्ये नुसता काळा पडदा येतो. ही सगळी कामं आदल्या दिवशीची, त्यामुळे क्लबहाऊसची चावी शनिवारी संध्याकाळी पाहिजे

सेक्रेटरी काका: शनिवारी महिला मंडळाचं अथर्वशीर्ष आहे ६ ते ७. नंतर या

डी-२०६: टेकन ८ आलाय ना आता, माझ्या भाच्याकडे आहे. जुना का खेळायचा

सी-७०४: टेकन ८ हा जानेवारी २०२४ मध्ये आला पण तो पीएस४ वर नाही चालत, आणि सोसायटीत पीएस५ एकच आहे. टेकन ७ घेतला तर दोन पीएस४ आणि तो पीएस५ असे तीन सेट होतात, पीएस५ वर पीएस४ चा गेम चालतो आणि त्याच्यासाठी जुने रिमोट पण चालतात, म्हणजे ज्याचा त्याचा हातातला रिमोट आणता येईल. एकच भानगड, पैसे देऊन घेतलेली कॅरेक्टर्स कोणाकडे आहेत कोणाकडे नाहीत. एका सेटवर नेगन आणि दुसऱ्यावर नाही असं झालं की रडारड. म्हणून जी तिन्ही सेटवर आहेत तीच चालणार, यादी दाराला चिकटवतो

सी-१०२: एडी?

सी-७०४: आहे हो काका तिन्हीवर 🙏

ए-४०१: नॉकआऊट ना? म्हणजे तासाभरात होईल

बी-५०३ ताई: नॉकआऊट नको प्लीज. १६ पोरं, पहिल्या फेरीत ८ जण पाच मिनिटात घरी. लहान पोरं महिनाभर वाट बघतात, नवा शर्ट घालून येतात आणि पहिलीच मॅच गतविजेत्याशी. डबल एलिमिनेशन घेऊ, एकदा हरलास तर खालच्या ब्रॅकेटमध्ये म्हणजे हरलेल्यांच्या गटात जायचं, दुसऱ्यांदा हरलास की बाहेर. सगळ्यांना निदान दोन मॅच मिळतात, आणि खालून वर येऊन जिंकणारा असला ना की पब्लिक त्याच्याच बाजूने होतं

ए-४०१: वेळ?

सी-७०४: नॉकआऊटला १५ मॅच, डबलला ३०. मॅचमध्ये तीन गेम, त्यातले दोन जिंकायचे, एक मॅच बदलाबदली धरून आठ मिनिटं, म्हणजे एकाच सेटवर चार तास. आपल्याकडे तीन सेट आहेत त्यामुळे अडीच तासात बसतं, शेवटच्या मॅच एकामागोमागच होतात म्हणून त्याहून कमी धरू नका. शेवटच्या तीन मॅचना पाच गेममध्ये तीन. फायनलला खालून आलेला जिंकला तर दोघांची एकेक हार होते म्हणून परत एक पूर्ण मॅच, तेव्हा कोणी 'हे काय परत' म्हणून ओरडू नका, ३१ वी मॅच म्हणतात ती तीच

बी-३०२ काकू: मला काही कळलं नाही पण तुम्ही हुशार आहात

सी-७०४: 😄🙏 आणि एक महत्त्वाचं, रिमोट वायरचेच पाहिजेत. वायरलेस असले की आधीच्या मॅचवाल्याचा रिमोट जोडलेलाच राहतो, तो बाहेर जाऊन वडापाव खाताना खिशात बटण दाबलं जातं आणि इकडे फायनल पॉज. खेळताना स्वतःच्या हाताने पॉज झालं तर तो राउंड गेला, हा नियम बहुतेक स्पर्धांत असतो आणि तो आधी ठणकावून सांगायचा. मॅचच्या आधी बटण तपासून घ्यायची प्रत्येकाने, नंतर तक्रार नाही. नाव पुकारल्यावर १० मिनिटात आला नाही तर बाद

कुहूची आई (बी-६०१): पॉजचा नियम जरा कडक नाही का लहानांना?

बी-५०३ ताई: ताई, समोरचा हात उगारलेला असताना पॉज केलं तर त्याची चाल फुकट जाते ना, आणि मुद्दाम करणारे असतात. लहानांना आधी एक सराव मॅच देऊ

डी-२०६: लाइव्ह कशाला पण? सगळे इथेच असणार

ए-४०१: आमची आई चौथ्या मजल्यावरून उतरत नाही गुडघ्यांमुळे, आणि धाकटा भाऊ कॅनडात आहे, त्याला गणपतीचं काहीच बघायला मिळत नाही. मी लाइव्हच्या बाजूने आहे

डी-२०६: मग आरतीपण लाइव्ह करा

सेक्रेटरी काका: विषय सोडू नका 🙏

सी-७०४: लाइव्हचं असं आहे. यूट्यूब चॅनलवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून आजच चालू करतो. १६ च्या खालच्याला स्वतःच्या चॅनलवरून करता येत नाही, त्यामुळे पोरांचा उत्साह कितीही असला तरी चॅनल माझ्याच नावावर. लिंक अनलिस्टेड म्हणजे ज्याच्याकडे लिंक त्यालाच दिसेल, इथेच टाकेन, बाहेर फॉरवर्ड करू नका. माझं कॅप्चर कार्ड स्वस्तातलं आहे, १०८० वर ३० च फ्रेम देतं आणि फायटिंग गेम ३० मध्ये तुटक तुटक दिसतो, म्हणून ७२० आणि ६०. त्याला साधारण ६ एमबीपीएस अपलोड लागतं, क्लबहाऊसचं वायफाय संध्याकाळी सगळे रील बघत असतात तेव्हा रांगतं, म्हणून राउटरपासून लॅन केबल टाकणार. लॅपटॉपवर ओबीएस हे लाइव्हचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. वर नावं आणि स्कोअर, कोपऱ्यात परवानगी असलेल्यांचे चेहरे

सेक्रेटरी काका: केबल दारातून नको, गेल्या वर्षी एक जण अडखळलाय. खिडकीतून घ्या

बी-५०३ ताई: कॉमेंट्री मी करते. मराठीत. दुसरं कोणीतरी पाहिजे सोबत, एकटीने दोन तास बोलून घसा बसतो. एकाने काय झालं ते सांगायचं आणि दुसऱ्याने का झालं ते

सी-१०२: मी 🙋

बी-५०३ ताई: काका तुम्ही प्रत्येक वेळी 'आमच्या वेळी पार्लरमध्ये' म्हणणार 😂 चालेल पण, मजा येईल. फक्त खेळणाऱ्यांना ऐकू जाईल असं नको, 'अरे तो खालून मारणार' असं आपण बोललो की समोरचा ऐकून अडवतो. आपण दुसऱ्या टोकाला बसू

सी-७०४: आणि पब्लिकचा आवाज घ्यायला एक वेगळा माईक पडद्याजवळ. २००४ च्या इव्होची ती क्लिप आहे ना, डायगो उमेहाराची, स्ट्रीट फायटरमध्ये त्याच्या केनमध्ये कणभर जीव उरलेला आणि समोर जस्टिन वाँगच्या चुन-लीने पूर्ण सुपर म्हणजे लाथांचा मोठा मारा सोडलेला, डायगोने एकेक लाथ परतवून उलट जिंकली. वीस वर्षांनी लोक ती बघतात ती अर्धी मागच्या आरडाओरड्यासाठी. नुसता गेमचा आवाज घेतला तर आजींना वाटेल टीव्ही चालू राहिलाय

बी-५०३ ताई: हो आणि काका प्लीज, तेवढ्या वेळात मंडपातला स्पीकर बंद. माईकमध्ये गाणं शिरलं की यूट्यूब कॉपीराइट म्हणून पकडतं, लाइव्ह बंदसुद्धा पडू शकतं

सेक्रेटरी काका: ३ ते ७ स्पीकर बंद ठेवू. पण ७ ला म्हणजे ७ ला, साडेसातला आरती आहे, आणि तुमचं ते ३१ वं काय असेल ते लांबलं तर आरतीनंतर. रात्री १० नंतर माईक कुठलाच नाही, तो कायदाच आहे

सी-७०४: मान्य 🙏 नावं १५ आलीत, एक जागा आहे

ए-४०१: माझ्या मोठ्या मुलाचं घ्या

सी-७०४: घेतलं. १६ झाले, यादी बंद ✅

सी-१०२: माझं राहिलं!!

सी-७०४: काका १७ झाले तर ब्रॅकेट थेट ३२ चं होतं, पहिल्या फेरीत १५ जणांना न खेळताच पुढे पाठवावं लागेल. आणि तुम्ही तर कॉमेंट्रीला आहात

सी-१०२: एडी घेणार होतो मी

कुहूची आई (बी-६०१): काका स्पर्धेआधी ती सराव मॅच आहे ना, कुहू म्हणतेय तिला तुमच्याशीच खेळायची आहे. ती एडीच घेते म्हणून सांगायला सांगितलंय

सी-१०२: मग मी पॉल घेतो. पावणेतीनला येतो

सेक्रेटरी काका: पावणेतीनला खुर्च्या लावायला पण चार जण लागतील. सी-१०२ चं नाव लिहून घेतलं, अजून तीन बोला