एएफसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) गोळ्याच चालू ठेवाव्यात की एब्लेशन करावं? अनुभव हवेत

मंडळी, नमस्कार. वय ५४, सोलापूर. टॉवेलचे आठ माग आहेत. बीपी जुनं, शुगर दोन वर्षांपासून.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागे चालताना पहिल्यांदा छातीत फडफड झाली. दमलो असेन म्हणून सोडून दिलं. मार्चमध्ये रात्री पुन्हा. माग बिघडला की आम्हाला आधी कानाने कळतं, तसं इथे बोटांना कळलं: दोन ठोके, मध्ये खंड, मग तीन घाईघाईचे. एका ठिकाणी ‘गॅस आहे’ म्हणून परत पाठवलं, कारण तिथे पोचेपर्यंत सगळं सुरळीत झालं होतं. पुढच्या वेळी धडधड चालू असतानाच ईसीजी काढला तेव्हा एएफ सापडलं. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉईड ठीक. आता महिन्यातून तीन-चार वेळा येतं, काही तासांनी आपोआप जातं.

सध्या ठोका आवरायला मेटोप्रोलोल आणि रक्त पातळ ठेवायला एपिक्सबॅन. इथले डॉक्टर म्हणतात, अजून त्रास वाढला तर ठोका ताळ्यावर ठेवणारी अमिओडॅरोन ही गोळी जोडू. त्यात आयोडीन असतं, त्यामुळे थायरॉईड-लिव्हर तपासत राहायचं, फुप्फुसांवर लक्ष ठेवायचं, आणि उन्हाने कातडी भाजते म्हणे. सोलापूरच्या माणसाला उन्हाला जपा म्हणजे कमालच झाली!

पुण्याच्या डॉक्टरांचं मत वेगळं: एब्लेशन करा. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा हृदयाला मिळतात तिथून खोटे सिग्नल सुटतात. जांघेतल्या शिरेतून तार नेऊन तिथे कडेने डाग द्यायचे. एएफ येत-जात असतानाच केलं तर फायदा जास्त, कायमचं मुक्कामाला आलं की यश कमी होतं. क्वचित हृदयाभोवती रक्त साचणं किंवा लकवा असे धोके आहेत, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. पुतण्याने २०१९ चा ‘कॅबाना’ अभ्यास वाचून दाखवला: सुमारे २,२०० रुग्ण, एब्लेशनवाल्यांना एएफ कमी वेळा परतलं, रोजचं जगणंही सुसह्य झालं, पण मृत्यू-लकवा वगैरे एकत्र धरून गोळ्यांच्या तुलनेत ठोस फरक सिद्ध झाला नाही.

माझा सगळा घोळ इथेच आहे. मला वाटत होतं की एब्लेशन केलं म्हणजे रक्त पातळ करायची गोळी सुटेल. मागावर काम करताना बोट कापलं की रक्त लवकर थांबत नाही, त्यामुळे तीच गोळी सर्वांत जाचते. पण डॉक्टर म्हणाले, बीपी आणि शुगर दोन्ही असल्यामुळे ठोका सुधारला तरी ती चालूच ठेवावी लागेल. माझ्या वडिलांना लकवा झाला होता, म्हणून वाद घातला नाही. मग एब्लेशनला साडेतीन लाख कशासाठी घालायचे? फक्त धडधड जावी म्हणून? घरची म्हणते, ‘रात्री उठून बसता ते मला बघवत नाही, त्यासाठी घाला.’

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा धडधड झाली का? तेवढ्यावरून फसलं असं धरू नका म्हणतात. कुणाला दुसऱ्यांदा करावं लागलं का? अमिओडॅरोन वर्षभर घेतलेलं कुणी आहे का? आणि सुताचं भरलेलं बीम (मागाचा रूळ) उचलायला किती दिवसांनी परवानगी मिळाली? डॉक्टरांना विचारलं तर ‘जड उचलू नका’ एवढंच म्हणाले. बीम किती जड असतं ते त्यांना ठाऊक नसावं.